गालाले लावून पाहिलेला बोर्ड

पहिल्याच दिवशी इंदूबाईनं माह्या दुकानातले सतरा फोमबोर्ड नापास केले, तेव्हाच मी तिच्यापुढं हात टेकायले पाहिजे होते. पण नाही. आपली अक्कल पाजळल्याशिवाय माणसाले चैन कुठं पडते?

मी नितेश. मूळचा अंजनगाव सुर्जीचा, अमरावतीच्या राजापेठेत फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे बॅनर, दुकानाच्या पाट्या, लग्नाच्या स्टेजवरची नवरा-नवरीची नावं, सगळं करतो. तोंडाचा फाटका आहो. गिऱ्हाईक असो का सासरा, मनात आलं ते बोलून मोकळा होतो. तर दिवाळीनंतरच्या एका दुपारी साठीची एक बाई दुकानात आली. पायात रबरी चप्पल, खांद्याले नायलॉनची पिशवी. मले वाटलं, नातवाच्या वाढदिवसाचा बॅनर असन.

"जय भीम, बाबू. फोमबोर्ड हाये काय तुह्याजवळ?"

मी सनबोर्ड काढून पुढं ठेवला. पाट्यांले तोच लागतो. तिनं तो एका हातानं उचलला न् लगेच टेबलावर ठेवून देला.

"हे पाटीचं हाये. कडक न् वजनदार. याचं विमान केलं तर पाट होईन त्याचा, बसाले. कागदवालं दाखव. दोन्हीकून कागद न् मंधात फोम."

"विमान?" मले हसू आवरलं नाही. "मावशी, विमान बेलोऱ्याच्या विमानतळावर उतरते. इथं राजापेठेत कायले शोधता?"

"तुले दाखवाले सांगतलं म्या. हसाले नाई सांगतलं."

घ्या! दुकान माहं, खुर्ची माही, न् चूप बसलो मी. कागदवाल्या फोमबोर्डचा गठ्ठा काढून देला. आता तिनं जे सुरू केलं, ते मी सतरा वर्षांच्या धंद्यात कोणाले करताना पाहिलं नव्हतं. आधी बोर्ड दोन कोपऱ्याले धरून आडवा उचलायचा, पोट खाली येते का पाहायचं. मग एक डोळा मिटून धारेवरून नजर टाकायची, वाक दिसतो का. मग अंगठ्याचं नख कोपऱ्यात दाबायचं, खड्डा भरून येतो का तसाच राहते. मग एकदा उभा, एकदा आडवा असा हलकाच वाकवून पाहायचा न् ज्या बाजूनं वाकत नाही, तिकडं पेन्सिलीनं बाण काढायचा. पंख त्या बाणाच्या दिशेनं कापायचे, नाहीतर हवेत दुमडतात. अन् सगळ्यात शेवटी बोर्ड उचलून गालाले लावायचा, डोळे मिटून.

"हे काय करून राहिले मावशी? लाड करता काय त्याचे?"

"ओल पायतो."

"ओल? बोर्डात?"

"कागद हाये ना त्याले. कागद पाणी पेते न् वजन वाढवते. पंख एकीकून जड झाला, का विमान गिरकी खाऊन पडते. हा घे तुहा. नाई पायजे."

असे सतरा परत केले. अठरावा घेतला. जाताना वरतून म्हणते, "माल बरा ठेवत जा." माह्या डोक्यात अशी तिडीक गेली! तरी दर महिन्याले ती यायची, न् खरं सांगतो, मी तिची वाट पाहायचो. दिवसभर "भाऊ, फोटो मोठा टाका, नाव मोठं टाका" ऐकून डोकं उठलं, की इंदूबाईसारखं गिऱ्हाईक बरं वाटते. ती माह्या मालाले नावं ठेवायची, न् मी तिले चहा पाजायचो.

चहा पेता पेताच तिची गोठ समजली. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये तिनं चोवीस वर्षं काढली. कापसातली कवडी, म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, वेचून बाजूले काढायचा. हात लावला की ओल किती ते तिले समजायचं. हातावर भरवसा नसला तर गालाले लावायची. एकदा एक गाडी आली, मुनीमजीच्या साल्याची. कापसावर पाणी मारलेलं, वजन वाढवाले. इंदूबाई म्हणे, हा ओला हाये. मुनीमजी म्हणे, तुहं काम कवडी वेचायचं, माल पाहायचं नाही. हिनं ओंजळभर कापूस उचलला न् मुनीमजीच्या उघड्या वहीवर पिळला. शाई पानभर पसरली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, पंधरा दिवस घरी बसवलं. माफी माग म्हणे. म्या म्हणलं, कापसाले मागाले लावा. त्यायलेच बलवा लागलं मले परत. ओल समजणारं दुसरं कोणी नव्हतं."

जिनिंग बंद पडलं न् ती वलगावले नवऱ्याच्या गावी आली. बुधाजी, तिचा नवरा, तेव्हा होता, आता नाही. गावच्या शाळेत तिले खिचडी शिजवायचं काम भेटलं. एक वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी पोरी थर्माकोलचं विमान करून राहिल्या होत्या. दिसाले झकास, पण फेकलं की नाकावर. गुरुजी म्हणे, राहू द्या, टेबलावर ठेवायचं आहे. इंदूबाई झारा हातात घेऊन पाहत होती. तिले हे काही पटेना. विमान न् टेबलावर? पोरगी रश्मी अकोल्याले नर्स आहे, तिनं जुना मोबाईल देला होता. त्यात ही बाई महिनाभर विमानं पाहत बसली. भाषा समजे ना, पण हात तर दिसत होते. पहिली नऊ विमानं पडली. एकावर हौसेनं स्प्रे रंग मारला, तर रंगानं फोमच खाऊन टाकला. दहावं विमान शाळेच्या मैदानावरून उडालं न् हेडमास्तरीण बाईच्या खोलीत घुसलं.

रागिणी मॅडम, म्हणजे त्याच हेडमास्तरीण बाई, भली बाई. रागावल्या नाहीत. म्हणे, रविवारी एक खोली उघडून देते, पोरींले शिकवा. तेव्हापासून अकरा पोरींचा वर्ग चालते. कागद आधी कापायचा, मग फोम, खालचा कागद सोडायचा म्हणजे तिथं बिजागरी होते. नवं पातं घेतल्याशिवाय बोर्डाले हात लावायचा नाही. उघड्या कडांले पातळ फेविकॉल फिरवायचा, ओल घुसू नये म्हणून. सहावी-सातवीतल्या पोरी हे सगळं तोंडपाठ म्हणतात.

आता यात कोणाचं काय बिघडत होतं? पण बिघडलं. राजापेठेतच किशोर सरांचा क्लास आहे, माह्या दुकानापासून चार दुकानं पुढं. त्यांचे सगळे बॅनर मीच करतो. त्यांनी 'एरोमॉडेलिंग' नावाचा नवा कोर्स काढला न् शाळांकडून रविवारच्या खोल्या मागायले लागले. वलगावले गेले, तर खोलीत इंदूबाई. सर मॅडमले म्हणे, "शास्त्राचा विषय आहे हो. खिचडीवाली बाई विमान शिकवते, हे पालकांना कळलं तर शाळेची काय शोभा?"

हे इंदूबाईनं मले जसंच्या तसं सांगतलं. मी तर उसळलोच. ती मात्र शांत होती. बशीत चहा ओतून फुंकून राहिली होती.

"तुमी काय म्हणलं मंग?"

"म्या म्हणलं, विमानाले इचारू. त्याले काय माहीत कोण खिचडी शिजवते न् कोण क्लास घेते?"

ठरलं असं. मार्चच्या शेवटल्या शनिवारी सकाळी, शाळेच्या मैदानावर, दोघांनीही आपापलं विमान हातानं सोडायचं. तीन-तीन वेळा. ज्याचं जास्त वेळ हवेत राहीन, त्याले पुढल्या वर्षीची खोली न् पोरी. नियम किशोर सरांनीच लिहिले: एका फोमबोर्डात बसेल एवढंच विमान, मोटर नाही, तयार किट नाही. टेप, गोंद, काड्या चालतील. हारली तर इंदूबाईनं फक्त खिचडी पाहायची. तिनं अंगठा नाही, चांगली सही केली त्याच्याखाली.

त्याच्या आठ दिवस आधी ती बोर्ड निवडाले आली. दीड तास निवडत होती. माह्या हेल्परनं तेवढ्यात दोन बॅनर छापले. शेवटी चार बोर्ड पास झाले. बाहेर वारा असा सुटला होता की ऑटोत बोर्ड धरला तर बाईच उडून जाईन.

"मंगळवारी भाचा गाडी घेऊन येते. तोवर तुह्याजवळ ठेव," ती म्हणे. "सपाट ठेव. उन्हात नोको."

"मावशी, जिवापाड ठेवतो."

आता माही करामत ऐका. दुकानावर टिनं. बेचाळीसचं ऊन. बोर्ड गरमीनं वाकतील, ही एकच भीती मले. मी विचार केला, दुकानात सगळ्यात थंड जागा कोणती? कुलरपुढची! मी माहा टेबल रिकामा केला, चारी बोर्ड त्याच्यावर सपाट मांडले न् कुलरचं तोंड तिकडं फिरवलं. स्वतः तीन दिवस घामात बसलो. हेल्पर म्हणे, "भाऊ, तुमाले नाई हवा?" मी म्हणलं, "चूप. मावशीचा माल हाये."

सोमवारी किशोर सर आले न् माह्याकडचा उरलेला सगळा गठ्ठा घेऊन गेले. मंगळवारी सकाळी मी बोर्ड उचलाले गेलो, तर हाताले कसंतरीच लागलं. कुलरची ओली हवा तीन दिवस खाऊन कागद फुगला होता. कुठं बुडबुडे, कुठं कोपरा सुटलेला. चारी बोर्ड ताटासारखे वर वळलेले. नागपूरले फोन लावला, नवा माल आठ दिवसांनी. अख्ख्या राजापेठेत कागदवाला बोर्ड माह्याशिवाय कोणाजवळ नाही. अन् एवढा फटकळ मी, मनात येईन ते बोलणारा, त्या दिवशी माही जीभ टाळूले चिकटली. बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळले न् तयार ठेवले.

इंदूबाई आली. तिनं कागद सोडवला. पहिला बोर्ड गालाले लावला न् तिचे डोळे उघडले.

"हे काय झालं रे?"

"कंपनीचाच माल तसा असन, मावशी."

"शनिवारी कोरडा होता."

"हवा दमट असन मग."

"मार्चात? अमरावतीत?" ती म्हणे. तिनं माह्याकडं पाहिलं, मग कुलरकडं, मग परत माह्याकडं. मी टेबलावरची धूळ पुसाले लागलो. धूळ नव्हतीच तिथं. मले वाटलं, आता ही माही वही उघडून तिच्यावर बोर्ड पिळते. पण तिनं चारी बोर्ड उचलून भाच्याच्या गाडीत ठेवले न् गेली. शिव्या देल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चार दिवस मले अन्न गोड लागलं नाही. बायको म्हणे, "दुखते काय?" काय सांगू तिले?

शनिवारी दुकान हेल्परवर टाकून मी सकाळीच वलगावले गेलो. मैदानावर शाळा जमलेली. किशोर सर पांढऱ्या बुटात, हातात स्टॉपवॉच, निळ्या टेपच्या पट्ट्या लावलेलं देखणं विमान. खोटं कायले बोलू, विमान चांगलंच होतं. त्यांनी तीनदा सोडलं. सगळ्यात चांगली वेळ आठ सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

इंदूबाई खिचडीच्या खोलीतून पदराले हात पुसत आली. मागून दोन पोरी विमान घेऊन आल्या. मी पाहिलं न् पाहतच राहिलो. पांढरंशुभ्र, उघडं. त्याच्या अंगावर कागदच नव्हता! नुसता फोम. पंखाच्या पुढच्या कडेले बांबूची बारीक कामटी, नाकात एक लोखंडी नट. पोरीनं ते दोन बोटांवर तोललं, तर पापडासारखं वाटलं.

पहिल्यांदा सोडलं, अकरा सेकंद. दुसऱ्यांदा वाऱ्यानं कलंडलं, पाच. तिसऱ्यांदा इंदूबाई वारा पडाची वाट पाहत उभी राहिली. किशोर सर म्हणाले, "आजी, लवकर." ती म्हणे, "तुमाले घाई असन तर जा तुमी." मग तिनं हात मागं नेला न् जसं सूप हलवतो तसं हलकंच सोडून देलं. विमान निघालं. कडूनिंबाच्या अलीकडून वळलं, पोरींच्या डोक्यावरून गेलं, झेंड्याच्या खांबाले वळसा घालून संथ खाली उतरलं. सोळा सेकंद! पोरींनी असा कल्ला केला की रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या.

किशोर सरांनी हात वर केला. "एक मिनिट, मॅडम. नियमात 'फोमबोर्ड' लिहिलंय. फोमबोर्डला दोन्हीकडून कागद असतो. हा नुसता फोम आहे, हलकं पॅकिंगचं मटेरियल कुठून तरी आणलेलं. हे बाद."

रागिणी मॅडमच्या कपाळाले आठ्या पडल्या. इंदूबाईनं नायलॉनच्या पिशवीत हात घातला न् एक जाड घडी काढली. ओट्यावर उलगडली. बोर्डाचा कागद होता, दोन्हीकडचा, अख्खा, कुठंही न फाटलेला. त्यावर तिचे पेन्सिलीचे बाण न् कोपऱ्यात माह्या दुकानाचा शिक्का.

"हा घ्या कागद. फोमबोर्डच होता. म्या सोलला. कागद काढू नये, असं लिवलं होतं काय तुमी?"

सर हसले. "मॅडम, मी हे बोर्ड रोज हाताळतो. हा कागद कधीच असा अख्खा निघत नाही, चिंध्या होतात. हवं तर नितेशला विचारा, तोच विकतो." न् माह्याकडं वळले. "सांग रे नितेश. निघतो का कागद असा?"

सगळी शाळा माह्याकडं पाहत होती. इंदूबाई सोडून. ती विमानाच्या नाकातला नट तपासत होती. सर खरं बोलत होते. कोरड्या बोर्डाचा कागद अख्खा निघत नाही. 'नाही' एवढंच म्हणलं असतं तर ते खरंच ठरलं असतं. माहं काही जात नव्हतं, सरांचे बॅनरही राहिले असते. जात होती ती फक्त रविवारची खोली.

"नाही निघत," मी म्हणलं. सर मॅडमकडं वळले. "पण ओला झाला तर निघते!" माहा आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकलो. "अन् तो ओला म्या केला. इंदूमावशीनं कोरडे बोर्ड निवडून माह्या भरवशावर ठेवले होते. म्या बह्याडानं तीन दिवस ते कुलरपुढं मांडले. कागद फुगला. मावशीनं विचारलं तर कंपनीवर ढकललं. हा बोर्ड माह्याच दुकानातला आहे, तुमचाही त्याच गठ्ठ्यातला आहे, सर. तुमचा कोरडा होता न् त्यांचा वाया गेलेला. त्या वाया गेलेल्या बोर्डानं तुमाले आठ सेकंदानं मागं टाकलं. लिवा काय लिवाचं ते!"

पोरी पुन्हा ओरडल्या. मॅडमनी नियमांचा कागद वाचला, दुसऱ्यांदा वाचला न् घडी करून पर्समध्ये ठेवला. "खोली इंदूबाईंचीच," त्या म्हणाल्या.

किशोर सर हुशार माणूस. लगेच हसून पुढं आले. "मावशी, हात चांगला आहे तुमचा. माझ्या क्लासला मदतनीस म्हणून या ना."

"तुमीच या," इंदूबाई म्हणे. "रविवारी, नऊ वाजता. पोरीईच्या मागं जागा हाये. कागद कसा सोलाचा, ते शिकवतो तुमाले." न् ती वळली, कारण खिचडी चुलीवर होती न् बुडाले लागाचा वास येऊन राहिला होता.

मी तिच्या मागं धावलो. "मावशी, चुकलो म्या. तेव्हाच सांगाले पाहिजे होतं."

तिनं झाऱ्यानं खिचडी तळापासून खरवडली. "मले मंगळवारीच समजलं होतं, बाबू. कुलरचं तोंड टेबलाकडं होतं न् तू घामानं निथळून राहिला होता. ओला कागद तरी बोटानं निघते. तुह्या तोंडातून एक वाक्य निघाले चार दिवस लागले." अन् एका ताटलीत गरम खिचडी वाढून तिनं माह्यापुढं सरकवली.

किशोर सरांचे बॅनर आता दुसरीकडं छापतात. छापू द्या. जूनमध्ये इंदूबाईच्या वर्गात एकोणीस पोरी झाल्या. परवा ती बोर्ड न्यायले आली होती. मी गठ्ठा आधीच कुलरपासून दूर, आतल्या भिंतीजवळ सपाट ठेवला होता. तिनं चौदा परत केले. मी एक शब्द बोललो नाही. पंधरावा मी स्वतः दोन कोपऱ्याले धरून पाहिला, धारेवरून नजर टाकली, डोळे मिटून गालाले लावला न् मोठ्या विश्वासानं तिच्यापुढं ठेवला.

तिनं तोही परत केला.